करपलेली भाकरी

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, याची आता लाज वाटते. माझ्या फोनमध्ये ते ‘करपलेले आबा’ म्हणून सेव्ह आहेत.

आमच्या खान्देशी खाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिंदखेड्याकडचे हे आबा रोज ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा फोटो टाकायचे. भाकरी रोज करपलेली. “आबा, बंब बोलवू का?” अशी सुरुवात मीच करायचो, मग सगळे तुटून पडायचे. त्या भाकरीचं स्टिकरही मीच बनवलं. आबा फक्त हात जोडायचे.

थंडीत एरंडोलजवळच्या मळ्यात ग्रुपची भरीत पार्टी झाली. आबा चुलीपाशी बसले आणि हातावर भाकरी थापू लागले. एकेक भाकरी टम्म फुगली, एकीलाही डाग नाही.

“आबा, मग रोजची ती?” मी विचारलं.

तव्यावरची नजर न काढता ते म्हणाले, “एक दिन मी चांगली भाकरना फोटू टाका, तव्हय कोन्ही बोलनं नही, भाऊ. जळेल भाकरवर बठ्ठा बोलतस.”

घरी येऊन मी ग्रुपवर मागे जात चांगल्या भाकरीचा तो फोटो शोधला. त्याखाली लगेच मी माझ्या शेवभाजीचा फोटो टाकला होता. त्यावर पहिलं ‘वा भाऊ’ आबांचंच होतं.