खांदशेकणीचं तूप

कचरूच्या घरी बैल नव्हता. पोळ्याला सगळं बीबी गाव बैल सजवून तोरणाकडे निघालं, की कचरू आणि त्याची माय रुखमाबाई दार ओढून आत बसत. घरात चाकाची वस्तू म्हणजे एक जुनी सायकल. तिला कॅन्या लटकवून तो पंजाबराव पाटलांचं दूध मोटारस्टँडवर न्यायचा. पावसाळ्यात त्या वाटेत बैलगाडी रुतायची. कचरू सायकल खांद्यावर टाकून वेळेवर पोचायचा.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आसपासच्या गावांची चिखलातली सायकल शर्यत व्हायची. काळं रान तुडवायचं, नाला उतरून चढायचा आणि पारापाशी परत यायचं. दरसाल जानेफळ जिंकायचं. त्यांची पोरं धावत्या सायकलवरून उतरून तिला खांद्यावर घेत, बांध ओलांडत आणि उडी मारून पुन्हा बसत. बाकीची गावं दुसऱ्या नंबरासाठी भांडायची. नाल्यात जो पडेल त्याच्या अंगावर बैलाची झूल टाकून गावभर फिरवायची रीत होती, आणि हसण्यात बायकाही मागे नसत.

त्या साली पंजाबराव पारावर सगळ्यांसमोर बोलून गेले, की जानेफळला हरवलंस तर माझ्या गोठ्यातला बांडा गोऱ्हा तुझा. रुखमाबाईनं त्याच दिवशी अंगणात खुंटा ठोकला. श्रावणातले सोमवार तिनं नुसत्या पाण्यावर काढले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. जिथं जू घासतं तो बैलाचा खांदा त्या दिवशी तूप-हळदीनं चोळतात. रुखमाबाईनं वाटीत तूप घेतलं आणि आधी लेकाचा खांदा चोळला. मग ती सायकलपाशी बसली. ब्रेकचं रबर रिंगेवर कसं करकरतं ते ती रोज ऐकायची. बैलाला जू तसं हिला हे रबर, असं तिला वाटलं. तिनं दोन्ही चाकांच्या रिंगा दोन्ही अंगांनी मऊ मऊ चोळल्या आणि बैलाला देतात तसं उद्याच्या जेवणाचं आवतन दिलं. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी कचरूनंही सायकल हलवली नाही. हार घालून ती घरातच उभी राहिली.

करीच्या दिवशी रान नुसतं लोण्यासारखं झालं होतं. चाकं रुतत होती, ब्रेकची गरजच पडत नव्हती. अर्ध्या रानात एकेक गाव मागे पडलं. पुढं उरला जानेफळचा चिंतामण, गेल्या सालचा विजेता. शेवटच्या बांधावर कचरूनं त्यालाही मागं टाकलं. पारावरून बीबीची आरोळी उठली. ती ऐकतच कचरू नाल्याच्या उताराला लागला. त्यानं ब्रेक दाबला. रबर रिंगेवरून सरकलं. त्यानं पुन्हा दाबला, तोवर नाल्यातला दगड आला होता.

तो उजव्या खांद्यावर पडला. मायनं चोळलेल्या.

चिंतामण जिंकून परत आला तेव्हा पोरांनी कचरूवर झूल टाकली होती. मोडक्या खांद्यावर ते ओझं पडलं आणि तो ओरडला, तरी कोणी काढली नाही. बीबीचीच पोरं जास्त जोरात हसत होती. रुखमाबाई गर्दीतून वाट काढत आली. हातात तीच तुपाची वाटी.

"काऊन पडला रे बापा?"

चिंतामणनं पडलेल्या सायकलच्या रिंगेवरून बोट फिरवलं आणि हुंगलं. "ब्रेकले तूप चारून राह्यली होती का वं म्हातारे?"

सगळा पार हसला. पंजाबरावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. म्हणाले, गोऱ्हा राह्यला, झूल तरी भेटली. माय लेकाकडे बघत होती. त्यानं नाही म्हटलं असतं, नुसती मान हलवली असती, तरी ती त्यावर जगली असती.

"तूच पाडलं मले," कचरू म्हणाला.

खांदा वाकडाच जुळला. कॅन्या नेणं सुटलं; पंजाबरावांनी दुसरा माणूस लावला. अंगणातला खुंटा रुखमाबाईनं उपटला आणि चुलीत घातला. तिच्या हाताचं तूप लेकाच्या ताटात पुन्हा पडलं नाही. खांदशेकणीच्या संध्याकाळी ती नुसतं पाणी तापवून त्याचा खांदा शेकायची. तो पाठ करून बसायचा. पाणी निवलं की ती भांडं उचलून आत जायची, आणि तो काही बोलेल म्हणून दाराशी जरा थांबायची.

ती गेली त्या सालीही तो बोलला नाही.