ध्रुवपद कोणाचं?

त्याला सगळे वाघोबा म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त सासूबाई वापरत, तेही रागावल्यावर. दिवसभर दुकानात जुने सोफे उसवायचे, नवा फोम भरायचा, कापड ताणून स्टेपल-गनने ठोकायचं, आणि रविवारी मेहुण्याच्या बँडमध्ये गुरगुरायचं. हो, गुरगुरायचंच. मेलोडिक डेथ मेटल म्हणतात त्या संगीताला. गिटारी एकदम सुरेल, ड्रम जीव खाऊन बडवलेला, आणि गाणारा पोटाच्या तळातून असा काही आवाज काढतो, की पहिल्यांदा ऐकणारा घाबरून पाणी आणायला धावतो. वाघोबा त्यातला बाप माणूस होता. त्याने तोंड उघडलं की समोरची पोरं वेडी व्हायची, आणि त्यालाही ते पक्कं ठाऊक होतं.

सगळं छान चाललं होतं. पण मेहुण्याच्या डोक्यात पॉवर मेटल शिरलं.

"भावजी, अल्बम काढायचा तर ध्रुवपद उंच पाहिजे," गिटारीच्या तारा बदलता बदलता मेहुणा म्हणाला. "स्वच्छ आवाज, वरची पट्टी. ऐकणाऱ्याची मूठ आपोआप वर गेली पाहिजे. कडव्यांत तुम्ही गुरगुरा, ध्रुवपद दुसरं कोणीतरी उचलेल."

"शोध मग कोणी सापडतंय का," वाघोबा म्हणाला. सापडणार नाही याची त्याला खात्री होती.

"शोधायचंय कशाला? ताई आहे की घरात!"

ताई म्हणजे वाघोबाची बायको. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. घरात भांडी आवरताना गायची खरी, पण बायकोचं गाणं कोण कान देऊन ऐकतं? मिक्सर चालतो, नळ चालतो, तसं तेही चालायचं. तालमीच्या खोलीत मात्र तिने पहिल्यांदा तान वर नेली, आणि मेहुणा गिटार वाजवायचाच विसरला. वाघोबाच्या पोटात जे दुखायला लागलं ते तेव्हापासून.

मग काय विचारता! जो तो "वहिनी, वहिनी" करत तिच्या मागे. ड्रम वाजवणारा बेकरीत कामाला होता. धिप्पाड गडी, मनाने लोण्यासारखा मऊ. त्याने वहिनीच्या घशासाठी मधाची बाटली आणली. वाघोबाने वर्षानुवर्षं घसा फोडला होता, त्याला कधी कुणी कोमट पाण्याला विचारलं नव्हतं. तिळपापड झाला त्याचा. घरी जाताना तो म्हणाला, "मध काय, उद्या साखरेने तुझी तुला करतील." ती हसली आणि म्हणाली, "अरे, तुलाही देते ना चमचाभर." याच्या नाकाला आणखीच मिरच्या झोंबल्या.

अल्बमचं नाव ठरलं 'राखेतला राजवाडा'. त्याच नावाचं मुख्य गाणं होतं, आणि त्यात एक मेख होती. ध्रुवपदाच्या आधी ड्रम आठच्या जागी सातच ठोके घेऊन थांबतो. भलेभले तिथे फसतात, एक ठोका वाट बघतात आणि गाणं निघून जातं. वाघोबाच्या मात्र ते अंगात मुरलेलं. बायकोच म्हणाली, "मला नाही बाई मोजता येत. तू मागे उभा राहा आणि वेळ आली की खांद्यावर थाप मार." तेव्हापासून तशीच पद्धत पडली. डावा खांदा, हलकी थाप, आणि हिचा सूर वर.

रेकॉर्डिंगची खोली टायरच्या दुकानामागे होती. भिंतींना फोम वाघोबानेच चिकटवला होता, सोफ्यांचा उरलेला. एका बाजूला काचेआड गाणाऱ्याची कोठडी; ड्रम आणि गिटारी आधीच रेकॉर्ड झाल्या होत्या, त्या हेडफोनवर ऐकत आत ती माइकसमोर आणि वाघोबा तिच्या मागे. सकाळपासून ध्रुवपद जमत नव्हतं. थाप बरोबर पडायची, ती बरोबर उचलायची, पण शेवटच्या टोकाला आवाज चिरकायचा. दुपार टळली तेव्हा मेहुणा कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "खोली आजचाच दिवस आपली आहे. आता जमलं नाही तर राहू दे, ध्रुवपद पूर्वीसारखं भावजीच गुरगुरतील."

हे ऐकलं आणि वाघोबाच्या मनात नको ते आलं. एक ठोका. फक्त एक ठोका उशीर! ती अडखळेल, सगळे म्हणतील जाऊ दे, आणि अल्बम पुन्हा माझा. बायको आहे आपली, असं कसं वागायचं, हेही मनात आलं, नाही असं नाही. पण बाहेर तो बेकरीवाला काचेला नाक लावून, अंगठा उंचावून वहिनींना शाबासकी देत होता. ते बघून याचं डोकं पुन्हा फिरलं.

गाणं सुरू झालं. कडवं संपलं, ड्रमचा कडकडाट हेडफोनमध्ये घुमला, थांबला. वाघोबाने हात वर धरला आणि तसाच ठेवला.

तिचा सूर उठला. नेमका, जिथे उठायला हवा तिथे. वाघोबाचा हात त्यानंतर खाली आला. ती गात असतानाच तिच्या खांद्यावर थाप पडली, ती दचकली आणि सूर हलला.

"ताई, उचल फक्कड होती!" बाहेरून मेहुण्याचा आवाज आला. "मध्येच का गं हललीस? परत घेऊ."

तिने हेडफोन काढले आणि माइकवर हात धरला.

"उशीर केलास."

"चुकलो असेन."

"तू? या गाण्यात?"

वाघोबाला राहवेना. "तुला मोजता येत होतं?"

"पहिल्या तालमीनंतर येत होतं."

"मग थाप कशाला मारायला लावायचीस?"

"एकटीला गायला भीती वाटायची रे. तू मागे उभा असलास की धीर यायचा." तिने हेडफोन पुन्हा कानांवर चढवले. "आता बाहेर बस."

रागावली असती, चार शब्द सुनावले असते, तरी परवडलं असतं. ती वळली आणि माइकची उंची नीट करायला लागली.

"काय झालं भावजी?" मेहुण्याने विचारलं.

"काही नाही. तिचं ती करते."

तो बाहेर बाकावर बेकरीवाल्याशेजारी बसला. गाणं सुरू झालं. सात ठोके पडले आणि तिने सूर उचलला, वर नेला, अजून वर नेला, आणि त्या टोकावर जराही न चिरकता धरून ठेवला. काचेतून तिने कोणाकडेच पाहिलं नाही. मेहुण्याची मूठ खरंच वर गेली होती.

बेकरीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तोंड उघडं टाकून तो हसत होता. त्याने वाघोबाच्या मांडीवर चापट मारली. "वाघोबा, नशीब काढलंस लेका! रोज घरी ऐकायला मिळतं तुला!"

वाघोबाने मान हलवली. आत त्याची बायको गात होती, आणि तिचं गाणं नुसतं ऐकून खूश होणारा माणूस शेजारी बसला होता. त्या बेकरीवाल्याचा जेवढा हेवा वाटला, तेवढा वाघोबाला आयुष्यात कधी कुणाचा वाटला नव्हता.