सरांनी बसवलेलं आईचं सोंग

सर गेले, आणि मला वाईट वाटलेलं नाही.

सकाळपासून त्यांचा तोच फोटो फिरतोय. हातात सेलोटेप, मागे वर्तमानपत्रांचा उंच मनोरा.
खाली सगळे लिहितायत, 'एम्पथी शिकवणारा माणूस गेला.'

मी कमेंट टाइप केली, पुसली. परत केली, परत पुसली.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मला घरात शिकवलंय.
खोटं बोलू नये, हेही घरातच.
शाळेचं तोंड बघायच्या आधी हरमलच्या आमच्या घराच्या बल्कांवात, पुढच्या ओसरीवर बसवून आईने मला अक्षरं शिकवली.

हे तिच्याबद्दल आहे.

सर आमच्या कॉलेजात डिझाइन थिंकिंग शिकवायचे, म्हणजे आधी वापरणाऱ्याची अडचण समजून घ्या, मग उपाय बनवा. फळ्यावर काही नाही, सगळं हाताने. टीम पाडायच्या, स्ट्रॉ, सुतळी आणि पुठ्ठे द्यायचे, पूल बांधा म्हणायचे. पूल कोसळला की टाळ्या.
सुटीत ते गावोगाव वर्कशॉप घ्यायचे. फुकट घ्यायचे, सामानाची पिशवी स्वतः उचलायचे. हेही खरं आहे म्हणून लिहिते.

हरमलला आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, महिला मंडळासाठी वर्कशॉप झालं, तेव्हा आई आली होती. मी मदतीला होते.

एक्झरसाइज असा होता: टीममधल्या एकीने आपली खरी अडचण सांगायची. बाकीच्यांनी 'का?' विचारायचं. उत्तर आलं की परत 'का?'
आतलं बाहेर येईपर्यंत.

आई म्हणाली, टुरिस्टांना भाड्याने द्यायच्या आमच्या दोन खोल्या सीझनमध्येही रिकाम्या राहतात.
का?
फॉरेनर विचारायला आला की मी आतून कडी घालते.
का?
इंग्लिश येत नाही.
आम्हाला तरी कुठे येतं, मग कडी का?

 मग आईने सांगितलं. एकदा एक मुलगी खोलीत तापाने फणफणली होती. आईचा हात धरून तेच तेच काहीतरी सांगत होती. आईला कळत नव्हतं. ती मुलगी रडायला लागली. पुढे डॉक्टर मिळाला, ती बरी होऊन गेलीही.
पण आईला वाटत राहिलं, माझ्या घरात कुणाचं पोर मरेल आणि ते काय मागत होतं तेही मला कळणार नाही.

हे मलाही माहीत नव्हतं.

सर खूश झाले. म्हणाले, हीच इनसाइट. आता हिचं रोल-प्ले करा.

आमच्या पेडणे तालुक्यातल्या माणसाला रोल-प्ले म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. दशावतार बघत वाढलेली माणसं. प्रसंग द्या, संवाद आपोआप येतात.
शेजारची वयनी आई झाली. पदर तसाच खोचला, चाल तशीच. कडी घातली, खिडकीखाली उकिडवी बसली आणि आतून ओरडली, "नो रूम! नो रूम! मालकीण मेली!"

सगळा हॉल हसून लोळला.
वयनीचा मला राग नाही. तिला सोंग दिलं, तिने वठवलं.
सर मोबाइलवर शूट करत होते.

आईही हसली. पदर तोंडावर धरून.


त्यानंतर वाड्यावरची पोरं तिला बघून 'नो रूम' करायची. मंडळात जाणं तिने बंद केलं. खोल्या एजंटकडे दिल्या. देवळात, लग्नात, कुठेही चार माणसांत कुणी काही विचारलं की ती माझ्याकडे बघते, मी उत्तर देते.

मग डिचोलीला एका फॅक्टरीत वर्कशॉप होतं, मी तिथेही मदतीला गेले. हॉलमध्ये बेळगाव-कोल्हापूरकडचे कामगार. सरांनी प्रोजेक्टर लावला.
पडद्यावर वयनी खिडकीखाली बसली.
ज्या माणसांनी आईला कधी बघितलं नव्हतं, ती आईला हसली.

चहाच्या वेळी मी सरांकडे गेले.  म्हटलं, "सर, ती माझी आई आहे. तो व्हिडिओ दाखवू नका."

सर म्हणाले, "अगं, मग तिला सांग ना, ती फेमस झाली!"

मी म्हटलं, तिला चालणार नाही.

"फीडबॅक इज अ गिफ्ट. स्टिकी नोटवर लिही आणि तिकडे भिंतीवर लाव."

मी लिहिलं नाही. ते व्हिडिओ दाखवत राहिले. नंतर मेसेज केला, त्यावर हात जोडलेला इमोजी आला.

युजरच्या चपलेत पाय घाला, असं ते दर वर्कशॉपला सांगायचे.
आईच्या चपला हॉलबाहेर होत्या, सर. तुम्ही त्या ओलांडून आत आलात.

हे सगळं लिहून झाल्यावर मी पोस्टचं बटण दाबलं नाही. आईला फोन केला.
सांगितलं, सर गेले. सांगितलं, तुझ्याबद्दल लिहिलंय. अख्खं वाचून दाखवलं. तापाचा भाग काढायचा असेल तर काढते, म्हटलं. सगळंच नको असेल तर सगळं पुसते.

 

आई म्हणाली, "तापाचा र्‍हवांदे. तां खरा आसा."

आणि वर विचारलं, "माझा नाव खंय घातलंस?"

मी म्हटलं, नाही घातलं. लोक हसतील म्हणून.

"घाल गो बाय. हसतली ती माझ्या तोंडार हसूंदेत. मी सांगतंय तांका काय झाला ता."

माझ्या आईचं नाव सुमती. हरमलला राहते. कुणाला काही विचारायचं असेल तर मला नको, तिला विचारा.

सर, 'भावपूर्ण' लिहायला हात धजत नाही.
जे लिहिलं ते खरं आहे, आणि जिचं आहे तिला विचारून लिहिलंय.
एवढीच श्रद्धांजली.