निर्गुडीचा शेक
निर्गुडीच्या पाल्याचा उग्र वास आला, की देवणीतली ती उन्हाळ्यातली दुपार आठवते आणि अजूनही चीड येते. मला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं लातूरच्या डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. या आजारात नसांवरचं आवरण खराब होतं, मग उष्णता सोसत नाही, हे घरात सांगून सांगून मी थकले होते. तरी सासूबाईंनी निर्गुडीचा पाला उकळलाच. “वात हाय हा. शेकल्याबिगर जात न्हाई,” म्हणत त्यांनी वाफाळती फडकी माझ्या पाठीवर दाबली. “आत्याबाई, गरम नको म्हणलं ना!” मी ओरडत होते, त्या शेकत होत्या. जरा वेळानं समोरची भिंत धूसर झाली आणि उठायला गेले, तर पाय उचलेनात. सासूबाई हंबरडा फोडून रडायला लागल्या. शेवटी मीच पडल्या पडल्या म्हणाले, “रडताय काय? कूलर लावा, ओला टॉवेल आणा!” अंग थंडावलं तशी नजर निवळली, पायांत हळूहळू जोर आला. संध्याकाळी शेजारीण गरम तेल घेऊन आली, तर सासूबाई तिच्यावरच खेकसल्या, “तिला गरम चालत न्हाई. कितींदा सांगावं लोकांला?” मी कपाळावर हात मारला. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा आजार त्याच समजावून सांगतात, आणि मी मध्ये बोलले तर म्हणतात, “तू गप बस, तुला काय कळतंय त्यातलं?”