भावाची तीन गिअरची सायकल

थोरला भाऊ झोपेतच गेला. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, तरी मला रडू आलं नव्हतं. कुणी पाठीवर हात ठेवला की मी नुसती मान हलवायचो. आत सगळं बधिर.

पंधराव्या दिवशी वहिनी म्हणाली, "भावजी, त्यांची सायकल तेवढी घिऊन जावा. दारात दिसली की घास उतरत न्हाय." मी नाक्यावरच्या सायकलवाल्याशी बोलून ठेवलं. जाता जाता देऊन टाकायची, विषय संपला.

ह्या सायकलीवरून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. तिचे गिअर तीनच, तेही मागच्या चाकाच्या पोटात बंद. माझ्या सायकलीचे एकवीस, सगळे उघड्यावर. साखळी एका चकतीवरून दुसरीवर उडी मारते. पन्हाळ्याच्या चढाला मी त्याला मागं टाकायचो आणि वर ओरडायचो, "धोंडा बांधलाय व्हय मागं?" पावसाळ्यात मात्र शिरोलीच्या फौंड्रीतनं घरी येताना माझी साखळी चिखलानं करकरायची, त्याची गप्प. पण त्याचं मागचं चाक पंक्चर झालं की गिअरची तार सोडवायला एकही दुकानदार हात लावायचा नाही. तोच शिव्या घालत सोडवायचा.

त्याचा हुकमी मुद्दा एकच. माझे गिअर पायडल मारल्याशिवाय बदलत नाहीत, त्याचे उभ्या उभ्या बदलतात. त्याच्या दारातनं निघालं की लगेच चढ. जड गिअरवर थांबलो असलो की तिथं माझी फे फे उडायची. तो मात्र रोज कामावरून आला की उतरल्या उतरल्या पहिला गिअर टाकून ठेवायचा. "सकाळी निघताना बरं पडतंय की," म्हणायचा.

मी सायकल बाहेर काढली. मुठीजवळच्या गिअर दाखवणाऱ्या इवल्याशा खिडकीत एकचा आकडा होता.

चढ सहज गेला. वर सपाट रस्ता लागला, हात मुठीवर गेला आणि तिथंच राहिला. हा गिअर त्यानं दुसऱ्या दिवशीच्या पाळीसाठी टाकला होता. तो बदलायला माझं मन होईना. पाय भराभर फिरत होते आणि सायकल मुंगीच्या पावलानं चालली होती. नाक्यावरचं दुकान आलं. सायकलवाल्यानं हाक मारली. मी थांबलो नाही.

पुढं एक मोटरसायकलवाला शेजारी आला. "ओ पावणं, गिअर टाका की! कशाला पाय मोडून घेताय?"

"टाकलाय," मी म्हणालो. "भावानं टाकलाय."