पहार, दगड आणि एक तास

"सावली पायात आली. बसा गं बायांनो."

मावशीचे हे शब्द कानावर पडले की पाझर तलावाच्या बांधावरच्या बाया हातातलं टोपलं तिथेच ठेवून लिंबाखाली जात. असं एखादं चालतंबोलतं घड्याळ तुमच्याही पाहण्यात असेलच. आमची मावशी दुष्काळी कामावरच्या टोळीची मुकादम होती.

शिरूर अनंतपाळच्या बाजूचं ते काम. मी हजेरी लिहिणारा कारकून. दुपारी तासभर सुट्टी द्यावी असा नियम होता आणि तो माझ्या फायलीत सुखाने झोपला होता. एकदा मी तो मावशीला वाचून दाखवला. दुसऱ्याच दिवशी तिने उघड्यावर पहार रोवली, माझ्या घड्याळावर तास मोजला आणि सावली जिथे पोचली तिथे दगड ठेवला. त्यानंतर माझ्या घड्याळाला कोणी विचारेना. टोळीत पाच लेकुरवाळ्या होत्या. झोळीतली पोरं त्या तासाचीच वाट बघायची.

एका दुपारी जिल्ह्याहून नवे साहेब आले. सगळ्या बसलेल्या बघून कडाडले. काम मागे पडलंय, आजपासून सुट्टी अर्धाच तास, आणि ही ऐकत नसेल तर मुकादम बदला, म्हणाले. मी घाईघाईने हजेरीवही उघडली. मावशी मात्र त्यांच्या घामाने भिजलेल्या सदऱ्याकडे बघत होती.

"सायेब, नियम तुमालाबी हाय. सकाळधरनं बसलाव का कुठं?"

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. नोकरीत त्यांना हे कोणी विचारलंच नसावं. मावशीने घोंगडी अंथरली, तांब्याभर पाणी दिलं. साहेब जरा टेकले आणि चक्क घोरायला लागले. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

सावली दगडाला लागली तशी मावशीने त्यांच्या उशाशी टोपलं वाजवलं.

"उठा सायेब. टाइम झाला. आता एक मिनिट बी जास्ती न्हाई."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, पहार पाहिली आणि हसत सुटले. अर्ध्या तासाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मुकादम हीच राहू दे, एवढं मला सांगून गेले.

पुढे लातूर जिल्हा झाला आणि मी नव्या कचेरीत आलो. मावशी एकदा दाखल्यासाठी आली. मी जेवता जेवता तिची फाईल ओढली, तर तिने ती मिटली आणि माझी सुट्टी संपेपर्यंत पायरीवर बसून राहिली. इतका झटपट दाखला मी दुसऱ्या कोणाला दिला नाही.

तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झालो, आता मला कुठलाच नियम लागू नाही. तरी अंगणात सावली पायात आली की हातातलं ठेवून लिंबाखाली बसतो. फार बरं वाटतं. डोळाही लागतो. फक्त उशाशी टोपलं वाजत नाही.