बांधायलोय

आमच्या बोरी गावात कुणी मोबाइलवर त्या टॉवरचा फोटो दाखवला की माझं ध्यान त्याच्या उंचीकडं जातच न्हाई. शहरातली सगळ्यात उंच इमारत म्हणतात. खाली दुकानं, मधी हापिसं, वर घरं, समोर समुद्र. मला मात्र आठवतो मेव्हण्याचा उजवा हात.

तो टॉवर उभा राहत होता तवा मी अन् मेव्हणा तिथं क्रेनला माल बांधायचो. निघताना बायकोनं बजावलं होतं, "एकच भाऊ हाय मला. हातीपायी धड परत आणा त्याला." मी वैतागून म्हणलो, "मी काय त्याला लढाईवर न्यायलोय का?"

क्रेन चालवणारा पूर्णेचा, आमच्याच भागातला होता. तो वर केबिनीत, आमी खाली. त्याला माल दिसायचा न्हाई. वॉकीटॉकीवरच्या माझ्या शब्दावर सगळं चालायचं. तो बहिणीच्या लग्नाला गावी गेला अन् बदलीवर कोकणातला माणूस आला. लय अदबीनं बोलायचा.

त्या दिवशी सळयांचा भारा वर न्यायचा होता. मेव्हणा भाऱ्याला पट्टा अडकवत होता. वारं सुटलेलं, वॉकीटॉकीत नुसती खरखर. वरून विचारलं, "झालं का बांधून?"

"बांधायलोय," मी म्हणलो.

अन् पट्टा ताणला गेला.

मेव्हण्याचा हात पट्ट्याखाली होता. भारा वीतभर उचलला. तो ओरडलाबी न्हाई, नुसता "दाजी" म्हणला. मी वॉकीटॉकीवर ओरडलो, "थांब! थांब! अरे, हात हाय आत! खाली घे!" पण भारा तसाच लटकलेला. आता बायकोला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात येत होतं. मग भारा हळूहळू टेकला.

मेव्हण्यानं हात ओढला. हातमोजा आतच राहिला. मी त्याचं एकेक बोट धरून म्हणत होतो, "हे हलव. आता हे हलव." पाचीच्या पाची हलली. नखं काळीनिळी झालेली, बाकी हात शाबूत.

मग मी वॉकीटॉकीवर तोंडाला येईल ते बोललो. "कान फुटले का रे तुझे? उचल म्हणलो होतो का मी?"

"दादा, तुम्हीच म्हणालात ना, बांधलंय?" त्याचा आवाज कापत होता.

"बांधायलोय म्हणलो मी!"

"म्हणजे?"

ह्या शब्दाचा अर्थ मला जन्मात कुणी विचारला न्हवता. आमच्याकडं बांधायलोय म्हणजे अजून बांधतोय; पूर्णेच्या माणसाला ते कधी सांगावं लागलं न्हाई. ह्याला खरखरीत 'बांधलंय' ऐकू आलं. चूक त्याची न्हवती, अन् मी त्याला नको नको ते बोललो होतो. साइटवरच्या साहेबांपुढं मान खाली घालून खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून वॉकीटॉकीवर दोनच शब्द ठरले, 'थांबा' अन् 'उचला'.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. तिला ह्यातलं काहीच ठाऊक न्हवतं. "भाऊ काय करायलाय?"

तो माझ्यासमोरच ताटावर बसला होता. सुजलेल्या बोटांनी भाकरी मोडत होता.

"जेवायलाय," मी म्हणलो, अन् मला रडूच फुटलं.

"काय? ऐकू येईना."

"जेवायलाय गं. आपल्या हातानं जेवायलाय."